आमच्या गल्लीतली गिरणी : पीठ बारीक, बातमी त्याहून बारीक

डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून रमतगमत चाललात तर पंधरा मिनिटं. गिरणीचं नाव लिहीत नाहीये. एक तर पाटीवर पिठाचा इतका थर बसलाय की खरं नाव मलाच धड माहीत नाही, सगळे नुसतं काकांची गिरणी म्हणतात, आणि दुसरं म्हणजे पुढे जे लिहिणारे ते काकूंच्या कानावर गेलं (जाणारच) तर माझं दळण चार दिवस मागे पडेल. स्टार ४. पिठाला पूर्ण ५ आहेत, एक कापलाय तो का ते खाली येईल.

आधी पिठाचं बोलू, कारण शेवटी रिव्ह्यू गिरणीचाय. दगडाच्या दोन चक्क्या आहेत, एक फक्त गव्हाची आणि दुसरी ज्वारी बाजरी तांदूळ डाळी भाजणी सगळ्याची. गव्हाच्या चक्कीत दुसरं काही टाकत नाहीत म्हणजे नाहीत. एकदा एक नवीन आलेला माणूस म्हणाला थोडासाच मका आहे, टाका ना ह्यातच, तर काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मका तसाच घेऊन परत गेला. दुसऱ्या चक्कीचा क्रम ठरलेला, सकाळी आधी तांदूळ, मग ज्वारी, बाजरी शेवटी, कारण बाजरीच्या मागोमाग तांदूळ टाकला तर मोदक राखाडी होतात आणि ऐन चतुर्थीला ते कोणाला चालणार. चकलीची भाजणी बारीक आणि थालीपिठाची जरा रवाळ हे सांगावं लागत नाही, झाकण उघडून वासावरूनच ओळखतात. दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीने ठोकून तो परत खरखरीत केला, की त्या दिवशी पहिलं दळण कोणाचंच घेत नाहीत, स्वतःचा हलका गहू टाकून कचकच निघून जाईपर्यंत ते पीठ बाजूला काढतात आणि मगच गिऱ्हाईकाचा डबा उचलतात. ही गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याही गिरणीत बघितलेली नाही, बाकीच्या ठिकाणी ती कचकच थेट आपल्या पोळीत येते.

गव्हाचे किलोला ८ रुपये घेतात, भाजणीचे जास्त. घट थोडी येते, ती सगळीकडेच येते, त्यावरून भांडणाऱ्यांना काका काहीच बोलत नाहीत, फक्त काट्यावर डबा परत ठेवतात. पीठ गरम मिळतं, घरी गेल्यावर झाकण काढून ठेवा, नाहीतर आतून घाम धरून गुठळ्या होतात आणि मग लोक गिरणीला नावं ठेवतात. बाजरी एका वेळी आठवड्याची दळा, जास्त नको, कडू होते.

तर पीठ झालं. आता खरा मुद्दा.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही हप्त्यावर घरघंटी घेतली होती. गिरण्या चालू होत्या तेव्हाही, पण आई घाबरायची, रांगेत कोण कुठून आलेलं काय माहीत, म्हणून घेतली. मशीन चांगलं आहे, खोटं कशाला बोलू, जाळी बदलली की जाड बारीक हवं तसं पीठ येतं, आवाज मिक्सरपेक्षा थोडाच जास्त. वर्षभर वापरलं. मग एक दिवस आई म्हणाली, ह्यातून पीठ पडतं रे, बाकी काहीच पडत नाही. आम्ही हसलो. पण पुढच्या रविवारी तिने मला डबा भरून दिला, दहा किलो गहू, आणि काकांकडे पाठवलं, तिचे गुडघे दुखतात म्हणून मी. घरघंटीवर सध्या इस्त्रीचे कपडे असतात.

सुरुवातीला मी कानात इअरफोन घालून जायचो. डबा ठेवायचा, चिठ्ठी टाकायची, एखादा पॉडकास्ट ऐकत उभं राहायचं. तिसऱ्या का चौथ्या रविवारी बॅटरी संपलेली होती, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आमच्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटमध्ये कोणते दोन मेंबर बिल्डरबरोबर परस्पर जेवायला गेलेत, सी विंगच्या टाकीत पाणी का चढत नाही, आणि समोरच्या क्लासवाल्या सरांनी क्लास का बंद केला. ह्यातलं एकही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्हतं, तिथे रोज फक्त गुड मॉर्निंग आणि पार्किंगवरून भांडण. त्यानंतर इअरफोन घरीच.

बसायला एक फळी आहे, तिच्यावर चार जण मावतात, बाकीचे पोत्यांना टेकून. चक्की चालू असताना बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, त्यामुळे इथली कुजबुज सुद्धा वरच्या पट्टीत. आणि मजा केव्हा, तर पट्टा घसरला किंवा लाईट गेली की. गिरणी एकदम गप्प होते आणि कोणाचं तरी वाक्य मधेच उघडं पडतं, "...आणि सुनेनी सरळ बॅगच भरली!" आणि मग सगळे छताकडे बघतात, लाईट केव्हा येणार वगैरे.

एक गोष्ट मला तिथे बसून बसून समजली, की काका काकूंना खरं तर कोणी काही सांगायची गरजच नसते. दळण सगळं बोलतं. महिन्याला वीस किलो गहू नेणाऱ्या घराचे एकदम आठ किलो झाले म्हणजे मुलं बाहेर गेली. पोळ्या खाणाऱ्या घरात अचानक ज्वारी आणि नाचणी सुरू झाली म्हणजे कोणाचा तरी शुगरचा रिपोर्ट आलाय. नाचणी अगदी थोडी, अर्धा किलो, ती पण वस्त्रगाळ हवी म्हणाले तर घरात बाळ सहा महिन्यांचं झालं. मेतकुटाच्या डाळी भाजून आल्या तर माहेरी कोणी बाळंतीण आलीये. मोठ्ठी भाजणी, पाच सात किलो, आणि दिवाळी तर लांब, मग लग्न ठरलंय आणि अजून सांगायचं नाहीये. गेल्या वर्षी एका आजोबांच्या घरून दर महिन्याला येणारं बाजरीचं दळण बंद झालं. काकूंनी दोन महिने वाट बघितली आणि मग डब्यावरचा त्यांचा नंबर स्वतःच पुसून टाकला, विचारलं नाही कोणाला.

ह्यामुळेच पूर्वी, आणि अजूनही थोडंफार, लग्नाच्या चौकशीला लोक वाण्याकडे आणि गिरणीवाल्याकडे यायचे. पत्रिका जुळली, फोटो बघितला, आता जरा घर कसं आहे ते कळलं म्हणजे झालं. मी स्वतः बघितलंय, दोन गृहस्थ, एकाच्या हातात रिकामी पिशवी, उगाच पाव किलो तांदूळ दळायला घेऊन आलेले, इकडचं तिकडचं बोलून मग हळूच, अमुक बिल्डिंगमधले ते, ओळखता का हो, माणसं कशी आहेत. काकांचं उत्तर अख्ख्या गल्लीला पाठ आहे, कोणाचीही चौकशी असो ते एवढंच सांगतात. "डबा स्वच्छ असतो. पैसे वेळेवर देतात." मी एकदा विचारलं की काका तुम्हाला तर सगळंच माहीत असतं, मग? तर म्हणाले डबा अस्वच्छ असला तर मी काहीच बोलत नाही, विचारणाऱ्याला कळतं.

काकूंचं मात्र असं काही नाही. काकू बोलतात.

माझी आजी मुळशीकडची, तिला जातं ओढलेलं आठवायचं, पहाटे चारला उठून दोघी जावा समोरासमोर बसायच्या. तिच्या ओव्यांमध्ये सासू असायची, नणंद असायची, न आलेला भाऊ असायचा, म्हणजे दिवसा ज्यांच्याबद्दल तोंड उघडायची सोय नाही ते सगळे पहाटे जात्यावर हजर. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन ह्या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावागावात फिरून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या बऱ्याच आता ऑनलाईन ऐकायला मिळतात, जरूर ऐका. मग विजेची गिरणी आली, बायकांच्या खांद्याची सुटका झाली, दोन तास झोप मिळाली, ओव्या गेल्या. आजी कधी हळहळली नाही हां त्याबद्दल, ती म्हणायची गाणी चांगली होती पण जातं वाईट होतं. मला वाटतं ते सासू नणंदेचं जे बोलायचं होतं ते काही बंद झालं नाही, ते डब्यात बसून गिरणीत आलं. फक्त चाल गेली, म्हणून आपण त्याला आता चहाड्या म्हणतो.

बरं ह्याला बायकांचं काम म्हणणारे पुरुष कृपया रविवारी साडेदहाला येऊन बघा. फळीवर तेव्हा तीन निवृत्त काका असतात, एक रेल्वेतले, एक बँकेतले, एक कुठले ते अजून कळलं नाही, आणि ते जे करतात त्याला ते चर्चा म्हणतात. चर्चेचे विषय : कोणाच्या मुलाला किती पॅकेज, कोणी फ्लॅट किती खाली विकला, आणि नगरसेवकाच्या भावाची गाडी. काकू एकदा आतून म्हणाल्या, तुमची चर्चा संपली असेल तर डबे उचला.

ह्या विषयावर खरंच अभ्यास झालाय, मी घरी बसलो होतो तेव्हा वाचत बसलो (का घरी बसलो होतो ते पण खाली येतंय). रॉबिन डनबार नावाचे एक ब्रिटिश संशोधक आहेत, त्यांचं म्हणणं असं की माकडं एकमेकांच्या अंगातल्या उवा काढत बसतात ती फक्त स्वच्छता नसते, तो मैत्रीचा व्यवहार असतो, आणि माणसाचा कळप वाढला, दीडशेच्या आसपास गेला, तेव्हा एवढ्यांच्या उवा काढायला वेळ कुठून आणणार, म्हणून आपण बोलायला लागलो, आणि बोलायला लागलो ते मुख्यतः एकमेकांबद्दल. आणि २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या लोकांनी ४६७ माणसांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून त्यांची बोलणी तपासली तर निघालं की माणूस दिवसाला साधारण ५२ मिनिटं हजर नसलेल्या माणसांबद्दल बोलतो. ५२ मिनिटं! दहा किलो गव्हाला रांगेसकट तेवढीच लागतात. आणि त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश बोलणं ना चांगलं ना वाईट, नुसतं असंच, अमक्याचं ऑपरेशन झालं, तमकीनी स्कूटर घेतली. हे मला शंभर टक्के पटलं, कारण गिरणीत बसलात तर पहिली वीस मिनिटं तुम्हाला झोप येईल इतकं साधं बोलणं चालू असतं. मसाला मधूनच येतो. गॉसिप हा इंग्रजी शब्द पण मुळात शिवी नाहीये, जुन्या इंग्रजीत गॉडसिब म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले आईबाप, मग तो शब्द बाळंतपणाला जमणाऱ्या शेजारणींना लागला, आणि मग त्या तिथे बसून जे बोलायच्या त्याला. म्हणजे तिकडेही शब्द बाळंतिणीच्या खोलीतूनच बाहेर पडला. आपल्याकडे मात्र शब्दांची चंगळ आहे, चहाड्या, चुगल्या, कागाळ्या, कुचाळक्या, उखाळ्यापाखाळ्या, लावालावी, आणि प्रत्येकाची चव वेगळी, चुगली वर जाऊन करतात, कागाळी मोठ्यांकडे नेतात, कुचाळक्या रिकामपणी होतात आणि लावालावी करणारा तिथे थांबतच नाही.

आता माझं. २०२३ च्या सुरुवातीला माझी नोकरी गेली. आयटीत तेव्हा धडाधड कमी करत होते, एका सकाळी मीटिंगचं आमंत्रण आलं आणि दुपारी लॅपटॉप परत मागितला. बायकोला सांगितलं, आईला पण सांगितलं, ती आमच्याकडेच असते, लपवणार कसं. बाहेर कोणाला नाही सांगायचं असं ठरलं. का ठरलं ते आता आठवत नाही, म्हणजे आठवतं, लाज वाटली. मी रोज सकाळी शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचो, स्वतःच्या जुन्या लॅपटॉपसमोर, आणि कोणी विचारलं तर वर्क फ्रॉम होम.

दोन महिन्यांनी, मंगळवार होता, सकाळी अकराला मी डबा घेऊन गिरणीत. हीच पहिली चूक, कामावर असलेला माणूस मंगळवारी अकराला दळण आणत नाही. मार्चचं ऊन म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला, मी बाहेर पोत्यांच्या मागे उभा, आत तिघी चौघी, चक्की दोन्ही चालू. आणि लाईट गेली.

"...दोन महिने झाले घरीच बसलाय, बायको ओढतीये सगळं."

मावशींचा आवाज. त्या ए विंगच्या, माझ्या लहानपणापासून ओळखतात. आत कोणीतरी मला बघितलं असणार कारण एकदम कोणी काही बोलेना, पिठाचा कण खाली पडला असता तरी ऐकू आला असता. मी डबा धरून उभा. मला वाटलं आता ह्या लाजतील, वळून दुसरंच काही बोलतील. मावशी बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तूच का रे? बरं झालं भेटलास. तुझा तो सीव्ही का काय तो पाठव मला, माझा भाचा आहे ठाण्याला, तो बघेल." जराही ओशाळल्या नाहीत! मला इतका राग आला होता आणि मी काय म्हणालो असेन, तर म्हणालो, पीडीएफ पाठवू का वर्ड?

त्या भाच्याकडून काही झालं नाही, हे सांगून टाकतो, नाहीतर वाटेल की गोष्ट तिकडे चाललीये. नोकरी मला पाच महिन्यांनी दुसरीकडूनच मिळाली. पण त्या मधल्या महिन्यांत काकू पैसे वहीत मांडायच्या, म्हणायच्या राहू दे, एकदम दे. रेल्वेवाले काका एकदा मला घेऊन कट्ट्यावर बसले आणि ब्याऐंशी सालच्या कापडगिरणीच्या संपानंतर त्यांचा भाऊ चार वर्षं कसा घरी होता ते सांगितलं, सल्ला एकही दिला नाही. आणि मुख्य म्हणजे शर्ट घालून बसायचं नाटक बंद झालं. पार मोकळं वाटलं, हे आत्ता लिहितानाही जरा विचित्र वाटतंय.

पण बातमी फोडली कोणी? मी तीन दिवस घरात फणफणत होतो, वॉचमन, बाई, समोरचे, एकेकावर संशय घेऊन झाला. चौथ्या दिवशी आई म्हणाली मी सांगितलं. गुडघे दुखत असताना ती तेवढ्यासाठी जिना उतरून गिरणीत गेली होती, किलोभर तांदूळ घेऊन, घरात तांदळाचं पीठ होतं तरी. मी ओरडलो तिच्यावर, ठरलं होतं ना आपलं? ती म्हणाली, "तुम्ही दोघं दार लावून बोलता. मी कोणाशी बोलू?"

ह्यावर माझ्याकडे काही नव्हतं. अजून नाहीये.

आता कापलेला स्टार. आमच्याच गल्लीतली एक मुलगी, नाव गाव काही लिहीत नाही, कॉल सेंटरला रात्रपाळी. पहाटे अडीच तीनला पांढऱ्या गाडीतून उतरायची. गिरणीत कोणीतरी म्हणालं रोज गाडी सोडायला येते. रोज तीच का वेगळी, कोणीतरी विचारलं. वेगळी असते बहुतेक. बस, एवढंच झालं, दोन वाक्यं. कंपनीची कॅब होती ती, ड्रायव्हर बदलतात म्हणून गाड्या बदलतात, मागे सिक्युरिटीवाला बसलेला असतो. पण पुढच्या रविवारपर्यंत त्या दोन वाक्यांची पुरणपोळी झाली होती, आणि त्याच सुमारास तिच्या स्थळाची चौकशी करणारे आले. काकांनी त्यांचं ठरलेलं उत्तर दिलं, डबा स्वच्छ, पैसे वेळेवर. ते फळीवर बसलेल्यांकडे वळले. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ती मुलगी नंतर पुण्याला गेली, तिचं छान चाललंय असं ऐकतो, अर्थात तेही गिरणीतच ऐकतो. गिरणीत कोणालाही विचारलं तर म्हणतात छे, आम्ही कधी काय बोललो. सीव्ही मागणाऱ्या मावशी त्या दिवशी फळीवर होत्या. मीही होतो. आणि मी म्हणालो होतो, हो, पांढरी गाडी मी पण बघितलीये. खोटं नव्हतं ते. म्हणून हा स्टार गिरणीचा कापलाय की माझा ते तुम्ही ठरवा, ॲपवर स्वतःचे स्टार कापायची सोय नाही.

तरी मला गिरणी आणि मोबाईलवरच्या अफवा एकाच पोत्यात घालायच्या नाहीत. काका सांगतात, २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय ही बातमी आली तेव्हा ना व्हॉट्सअॅप ना मोबाईल, नुसते लँडलाईन आणि तोंडं, तरी दुपारपर्यंत सगळा देश देवळाबाहेर वाटी घेऊन उभा, गिरणीत त्या दिवशी एक डबा आला नाही. त्यात दुधाशिवाय काही वाया गेलं नाही. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आलीये अशा फिरणाऱ्या मेसेजमुळे भिक्षा मागायला आलेल्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. त्यानंतर व्हॉट्सअॅपने आपल्याकडे फॉरवर्डवर पाचची मर्यादा घातली. गिरणीत निदान बोलणाऱ्याचं तोंड दिसतं. तुला कोणी सांगितलं, असं विचारता येतं, आणि ज्याने सांगितलं तो बहुतेक वेळा पुढच्या दळणाला समोरच उभा असतो. त्या पांढऱ्या गाडीच्या वेळी आमच्यातल्या कोणी हे विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण विचारता येत होतं, एवढा फरक आहे.

सर्व्हिसबद्दल किरकोळ. रविवारी सकाळी जाऊ नका, फार गर्दी, चर्चावाले फळी सोडत नाहीत. गणपती आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस दळण त्याच दिवशी मिळेल अशी आशा ठेवू नका, भाजणीचे डबे बाहेर फुटपाथपर्यंत लागतात. उपासाची भाजणी आषाढी आणि महाशिवरात्रीच्या आधी ठराविक दिवशी चक्की पूर्ण साफ करून दळतात, तो दिवस काकूंना विचारून घ्या. डबा स्टीलचा न्या, प्लास्टिकच्या पिशवीत गरम पीठ घ्यायला काका तयार होत नाहीत आणि ते बरोबरच आहे. चिठ्ठीवर फ्लॅट नंबर लिहा, आडनाव नको, आमच्या गल्लीत एकाच आडनावाची अकरा घरं आहेत आणि एकदा एका घराचं बेसन दुसऱ्या घरी जाऊन त्याची भाकरी थापायचा प्रयत्न झालाय. यूपीआय चालतं, स्कॅनरवरचं पीठ आधी पुसा. घरपोच नाही, एक पोरगा ठेवला होता पण तो प्रत्येक घरी अर्धा तास बसायचा.

आणि मेथी आणि डिंकाच्या लाडवांसाठी मेथीदाणे दळायला नेणार असाल, तर डबा काट्यावर ठेवायच्या आधी सासूबाईंना फोन करून गोड बातमी सांगून टाका. मी संध्याकाळी करू म्हणालो होतो. साडेचारला त्यांचाच फोन आला, अंबरनाथहून, आणि पहिलं वाक्य होतं, "पाव किलो मेथीनी काय होतंय, अर्धा किलो घ्यायची ना."